नुरूंगीसाठी उसने पितर

"आज कुनाचं सराध?" तव्यावर टोफूचे काप टाकता टाकता माल्जानं विचारलं.

"मावशीच्या सासऱ्याचं," गिल्सू म्हातारा म्हणाला.

"त्येचं काल झालं."

"मग त्येच्या भावाचं."

"त्येला भाऊ नव्हता. उगं मेलेल्या मानसांस्नी भाऊ जोडू नगा."

गिल्सू बोटांवर मेलेली माणसं मोजायला लागला. डोक्यावर श्राद्धाची, घोड्याच्या केसांची काळी टोपी होती, अंगात पांढरा लांब झगा होता, आणि मांडीवर नुरूंगीचं डोकं होतं. पंधरा वर्षांचं पिवळं कुत्रं. पोटाखाली मुळ्याच्या गड्ड्याएवढी गाठ लोंबत होती. बाजारगावच्या जनावरांच्या डॉक्टरनं हात लावून सांगितलं होतं, "कॅन्सर आहे. या वयात कापाकापी नको. खातोय तोवर जगेल. खाईल ते द्या."

पण खायला नको का? माल्जानं हाडांचं सूप केलं, अंडं फोडून घातलं, भाताची पेज केली. नुरूंगी वास घ्यायचा आणि पाहुण्यासारखा नम्रपणे मान वळवायचा. दुखण्यावरची गोळी कशात घालून द्यायची हाच प्रश्न होता. गिल्सू त्याला चादरीत गुंडाळून परसात मुतायला न्यायचा, पुसून काढायचा आणि चुलीच्या धगीनं तापलेल्या जमिनीवर आपल्या बाजूला झोपवायचा. मुलगा राजधानीत, सोलला गेल्यापासून दिवसभर त्याचं बोलणं याच कुत्र्याशी चालायचं. त्याला कुत्रं जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच.

मग हिवाळ्याच्या तोंडाला गिल्सूच्या बापाचं श्राद्ध आलं. रिवाजाप्रमाणे पाट मांडला. मासा, टोफू, मुळ्याचं सूप, वाफेचा भात, तांदळाची दारू. बापाचं नाव कागदावर लिहून उभं केलं, पितरांना आत यायला परसाकडचं दार थोडं उघडं ठेवलं, दोनदा डोकं टेकवलं आणि मेलेल्याला निवांत जेवता यावं म्हणून नवराबायको अंगणात जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं गिल्सू तीनदा खाकरला. पितरांना न सांगता आत शिरू नये म्हणून खाकरायचं असतं. आत गेले तर बापाच्या ताटातला मासा गायब होता आणि नुरूंगी मिशा चाटत बसला होता.

गिल्सूनं हात उगारला आणि तसाच खाली घेतला.

"बा म्हनला आसंल, खा लेकरा," तो म्हणाला.

"तुमचा बा जित्तेपनी कुनाला माशाचं शेपूट देत नव्हता," माल्जा म्हणाली. तिचं म्हणणं वेगळं होतं. सूतगोल हे लसणाचं गाव, इथं चहा सोडून सगळ्यात लसूण पडतो. श्राद्धाच्या जेवणात मात्र लसूण नाही, तिखट नाही, म्हणून कुत्र्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशी तिनं तसाच मासा तसाच शिजवून त्याच्या भांड्यात घातला. नुरूंगीनं मान वळवली. गिल्सूनं तोच मासा पाटावर ठेवला, टोपी घातली, आज्याचं नाव लिहिलं, डोकं टेकवलं, अंगणात जाऊन खाकरला. ताट साफ, आणि माशाच्या पोटातली गोळीही गेलेली.

तेव्हापासून रोज श्राद्ध. बाप झाला, आजा झाला, पणजोबा, चुलते, आत्या. लहानपणीच गेलेला भाऊही जेवून गेला. गिल्सूच्या प्यो घराण्याचे पितर संपले तशी माल्जानं माहेरचे काढले. आज तेही संपले होते.

"सरपंचाला सांगून बगते," असं म्हणून माल्जानं फोन लावला.

सरपंच मोठा कामाचा माणूस. थोड्याच वेळात गावच्या भोंग्यावर आधी गाणं वाजलं, मग त्याचा आवाज आला. "गावकऱ्यांनो, प्यो गिल्सूच्या कुत्र्यासाठी पितर कमी पडल्यात. ज्यांचं पितर लय दिवस उपाशी आसतील त्यांनी गिल्सूकडं नाव सांगावं. येताना तांदूळ आनावा."

माळावरच्या कोबीत गावची माणसं हसून हसून वाकली. पण संध्याकाळी पहिला आला तो शेजारचा बान दाल्हो. भिंतीला भिंत असून या दोघांचं बोलणं नव्हतं. दाल्होचा बाप रात्री बांध फोडून पाणी आपल्या भातात घ्यायचा. त्यावरून भर लग्नात गिल्सू बोलून गेला होता, "तुज्या बाला वर बी कोन पानी देनार न्हाई." ते दाल्होनं उरात धरून ठेवलं होतं.

"माजा बा घे," दाल्हो दारात उभा राहून म्हणाला. "पर अट हाय. कपाळ जमिनीला लागलं पायजे. हवेत नगं."

गिल्सूनं कुत्र्याकडे पाहिलं. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

"लागंल," तो म्हणाला.

त्यानं पाणीचोराचं नाव नीट अक्षरात लिहिलं आणि कपाळ टेकवलं. दाल्हो वाकून, फट राहिली नाही ना, ते बघत होता. मग तिघंही अंगणात गेले. खाकरून आत आले तेव्हा ताट चाटूनपुसून लख्ख झालेलं होतं.

दाल्हो ताटाकडे बघत राहिला. "पोरगं चर्चमधी जातं, सराध करत न्हाई. बायको गेल्यापास्नं माजं हात कापत्यात, सैपाक जमत न्हाई. तू म्हनलास तसंच झालं गिल्सू. कुनी पानी दिलं न्हवतं त्येला." आणि तो डोळे पुसायला लागला.

"लय भूक लागली व्हती त्येला," माल्जा म्हणाली आणि तिनं दाल्होला उरलेली दारू ओतून दिली.

मग गावभरचे पितर यायला लागले. कुणाची सून शहरातली, कुणाची पोरं परदेशी, कुणाला गुडघ्यानं वाकता येईना. माणसं तांदूळ, नासपती, सुका मासा घेऊन यायची, अंगणात थंडीत ओळीनं उभी राहायची आणि आत आल्यावर रिकामं ताट बघून समाधानानं घरी जायची. "आमची आजी एवढं जेवायची न्हाई वो," अशी तक्रार एका बाईनं केली, तेवढीच.

नुरूंगीचं खाणं मात्र कमी होत गेलं. अर्धा मासा, मग सूप, मग नुसतं चाटणं. एका दुपारी गिल्सू सरपंचाच्या आजीला डोकं टेकवून बाहेर गेला, खाकरून आत आला, तर कुत्रं पाटापाशी डोकं ठेवून पडलं होतं. श्वास नव्हता. गिल्सू टोपीसकट त्याच्याशेजारी आडवा झाला आणि त्या दिवशी उठला नाही.

नासपतीच्या झाडाखाली नुरूंगीला पुरलं. दुसऱ्याच संध्याकाळी दाल्हो मासा घेऊन हजर.

"आज बाचा खरा दिस हाय," तो चाचरत म्हणाला. "कुत्रं गेलं म्हनून त्येनं उपाशी ऱ्हायचं का?"

माल्जा शिव्या देत उठली, पण तिनं चूल पेटवली. पाट मांडला. गिल्सूनं न सांगता कपाळ टेकवलं. तिघं बाहेर उभे राहिले, गिल्सू तीनदा खाकरला, आत आले.

ताट जसंच्या तसं होतं. माशाला धक्का नव्हता. आयुष्यभर श्राद्धाचं ताट असंच भरलेलं बघत आलेली ही माणसं, पण आज तिघांनाही ते बघवेना.

"बा जेवला न्हाई," दाल्हो हळूच म्हणाला.

माल्जानं इकडेतिकडे बघितलं.

"जेवंल कसा?" ती म्हणाली. "दारच मी लावून घेतलं व्हतं. थंडी वाजत व्हती." तिनं जाऊन परसाकडचं दार उघडलं. पितरांना फट पुरते, तिनं कुत्रं येईल एवढं उघडलं. "चला, परत भाईर व्हा."

तिघंही पुन्हा अंगणात जाऊन उभे राहिले. बर्फ भुरभुरायला लागला होता. या खेपेला खाकरायची घाई कुणीच केली नाही.