बोअरला वळसा घातलेली भिंत

बद्रीनाथराव सहकारी गृहनिर्माण संस्थेचे चेअरमन होते, म्हणजे संस्था त्यांची आणि सभासद नावापुरते. संस्थेची जागा पालीच्या वाटेवर होती. दुष्काळात गावाला आठवड्यातून एक टँकर, पण संस्थेच्या बांधकामाला रोज एक. त्या पाण्यावर चाळीस घरं उठणार होती आणि चाळिसांचा मिळून एकच नकाशा म्हणे चेअरमनांच्या इंजिनिअर भाच्यानं, शहादेवनं काढला होता.

गंगासागरनं तो नकाशा पाहिला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अंबाजोगाईला शिकून आलेली ही पोरगी बीडमध्ये घरांचे नकाशे काढायची. मागच्या साली चेअरमनांनी स्वतःचं जुनं घर वाढवून घेतलं, तेव्हा महिनाभर टेप घेऊन ती त्यांच्या अंगणात उन्हात उभी राहिली होती. त्या घराच्या नकाशाची शहादेवनं फक्त खालची चौकट कापून तिचं नाव उडवलं होतं. बाकी रेघन् रेघ तिची.

ती तडक चेअरमनांकडे गेली. "साहेब, नकाशावर माझं नाव टाका. एवढंच म्हणणं हाय."

"कावून? पैसे दिलेत की तुला. नकाशा माझा झाला."

"ते तुमच्या एका घराचे होते. नकाशा काढणाऱ्याचाच ऱ्हातो, कायदा हाय तसा."

"चार रेघांना कसला आलाय कायदा?" शहादेव दात काढत म्हणाला. म्हणे इंजिनिअर! दुसऱ्याची रेघ खाली ठेवल्याशिवाय याला स्वतःची मारता येत नव्हती.

वकिलानं तिला सांगितलं, "बांधकाम सुरू झालेली घरं कोर्ट थांबवत नाही. बाकीची थांबवता येतील, पण नकाशा तुझा असल्याचा कागद आण." तिच्या सहीचा मूळ नकाशा तर चेअरमनांच्या कपाटात कुलपात. ती हात चोळत परतली.

महिन्यानं संस्थेची सभा भरली, गंगासागरही मागं येऊन बसली. तोवर बारा घरांच्या भिंती उठल्या होत्या. सुंदरबाई नावाची सभासद तावातावानं उभी राहिली. "माझ्या सैपाकघराची भिंत कोपऱ्यात आत कावून वळली? मांडणी बसंना तिथं!"

"वास्तूचा कोपरा हाय तो," शहादेव म्हणाला. "चेअरमनसाहेबांच्या घरालाबी हाय."

झालं! चेअरमनांच्या घराला आहे म्हटल्यावर सभासदांनी माना डोलावल्या. गंगासागरला राहवलं नाही. "वास्तू न् बिस्तू काई न्हाई. साहेबांच्या अंगणात बोअर हाय, त्याला धक्का नको म्हणून मी भिंत आत घेतली. तुमच्या जागेत कुठं हाय बोअर?"

तिथं बोअर सोडाच, चिमूटभर ओली माती नव्हती. सभेत हशा पिकला आणि बायका शहादेवला नको नको ते बोलू लागल्या.

बद्रीनाथराव मात्र मुरलेला गडी. भाच्याची अब्रू जातेय म्हटल्यावर त्यांनी टेबलावर हात आपटला. "ऐका! नकाशा शहादेवचा न्हाईच, या पोरीचा हाय. चूक तिची, तिला इचारा. ठरावात लिव्हा तसं." सेक्रेटरीनं लिहिलं. चेअरमनांनी ऐटीत सही ठोकली.

इतके दिवस मागून न मिळालेलं नाव शिव्यांसोबत का होईना, मिळालं होतं. गंगासागरला राग आला आणि हसूही आलं. तिनं ठरावाची नक्कल मागितली, शिक्का मारून घेतला, नीट घडी करून पर्समध्ये ठेवली.

"चेअरमनसाहेब, नकाशा माझा हाय हे तुमीच लिहून दिलं. लई उपकार झाले. आता ऱ्हायलेल्या अठ्ठावीस घरांचा पाया मला इचारल्याबिगर खांदायचा न्हाई. खांदला तर कोर्टात भेटू."

सभासदांत एक वकील होता, चेअरमनांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"बसा ना, ताई," बद्रीनाथराव म्हणाले. "चहा सांगतो."

ती बसली नाही.