कृष्णकांतच्या वतीने

होल्डॉलचा पट्टा आवळायला कृष्णकांत गुडघा टेकून बसला होता, तेवढ्यात जिन्यावर अरुंधतीच्या चपला वाजल्या. ती गुरुवारी यायची, आणि आज सोमवार होता. हिला इतक्या लवकर कसं कळलं, असं वाटून तो पट्टा तसाच सोडून उठला.

"आलं बोलावणं," ती दारात दिसताच तो म्हणाला. "सकाळीच तार आली. शुक्रवारी मी स्वतः काठमांडूला हजर राहायचं, की पासपोर्टवर शिक्का मारून देतात. आज रात्रीच्या गाडीने निघालो तर पोचतो."

अरुंधती दाराजवळच्या स्टुलावर बसली. पदराने तिने तोंड पुसलं.

"आधी पाणी द्या."

त्याने माठातलं पाणी दिलं. ते सगळं पिऊन तिने पेला खाली ठेवला.

"आई गेल्या," ती म्हणाली. "पहाटे. झोपेतच."

कृष्णकांत पुन्हा खाली बसला आणि पट्टा आवळू लागला. बक्कल लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आपल्याला आता रडू येईल, असं त्याला वाटलं, म्हणून तो थोडा थांबला. रडू आलं नाही. खालच्या दुकानात ओमप्रकाश सेठ कापड टर्रकन फाडत होता, तेवढं ऐकू आलं.

नागपूरच्या जरीपटक्यातली ही खोली त्या सेठचीच. हा सगळा घोळ खरं तर सत्कारांनी केला. माणूस परदेशी जाणार असं कळलं, की तो जायच्या आधीच त्याला पोचवून मोकळं व्हायची आपल्याकडे फार घाई. शाळेने शाल-श्रीफळ दिलं, मोहल्ल्याने दिलं, ज्ञातिमंडळानेही मागे राहू नये म्हणून दिलं. पेपरात 'परदेशगमन' म्हणून फोटो छापून आला. फोटोत कृष्णकांत जरा घाबरल्यासारखा दिसत होता, पण बातमीत तो आफ्रिकेत विज्ञान शिकवायला रवाना होऊन चुकला होता. त्या देशाचं नाव कोणालाच धड घेता येत नसे, म्हणून सगळे आफ्रिकाच म्हणत. त्या देशाची कचेरी दिल्लीत नाही, काठमांडूला आहे, व्हिसा तिथून घ्यायचा आणि मग विमान, असं मुंबईच्या एजंटने सांगितलं होतं. घरच्यांना ते दोन दिवसांचं काम वाटलं. काठमांडूच्या कचेरीने पासपोर्ट ठेवून घेतला आणि म्हटलं, तिकडच्या शाळेची मंजुरी यायची आहे, आली की कळवू, तोवर घरी जा.

आता गळ्यात इतके हार घालून निघालेल्या माणसाने घरी जायचं कोणत्या तोंडाने? कृष्णकांत एक स्टेशन आधीच, गोधनीला उतरला आणि तिथून त्याने अरुंधतीच्या ऑफिसात फोन केला. ती म्हणाली, आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे, उगाच मोहल्ल्यात बोभाटा कशाला? जरीपटक्यात आपलं कोणी ओळखीचं नाही. आईला सांगायचं नाही, हे तर बोलायचीसुद्धा गरज पडली नाही. यमुताईंच्या पोटात काही राहत नसे. त्या आठ दिवसांचे तीन महिने झाले.

"काही बोलली का?" कृष्णकांतने विचारलं.

"आज नाही. काल विचारत होत्या, तिकडे ज्वारी मिळते का म्हणून. मी म्हटलं, मिळते." अरुंधतीचा आवाज पहिल्यांदाच हलला. "किती काय काय सांगून ठेवलं होतं मी त्यांना. स्वयंपाकाला बाई ठेवली म्हणून सांगितलं. तिचं नावसुद्धा सांगितलं. त्या रोज तिची चौकशी करायच्या."

धंतोलीतलं घर इथून सायकलरिक्षाने किती लांब आहे, ते दोघांनाही माहीत होतं.

"चार वाजता काढणार आहेत. या उन्हात जास्त ठेवता येत नाही."

"अग्नी?"

"मधूभाऊजी देतील. थोरला परदेशी आहे म्हटल्यावर धाकट्याने द्यायला हरकत नाही, असं गुरुजी म्हणाले. भाऊजी मला विचारून राहिले होते, दादाला तार केली का. मी म्हटलं, केली."

ती उठली. बर्फ सांगून येते म्हणून ती घरून निघाली होती आणि आता उशीर होत होता.

"तुम्ही आलात तर डोकं भादरावं लागेल, तेरा दिवस बसावं लागेल. शुक्रवार हातचा जाईल. आणि तीन महिने कुठे होता, ते एकेकाला सांगावं लागेल. मलाही सांगावं लागेल." दाराची चौकट धरून ती थोडी थांबली. "मी या म्हणत नाही आणि येऊ नका म्हणत नाही. माझं डोकंच चालत नाही आता."

ती गेल्यावर त्याने तिचा पेला विसळून माठावर उपडा ठेवला. दुःख व्हायला हवं होतं, ते कुठेतरी अडकून बसलं होतं. तीननंतर त्याने होल्डॉल खाली नेऊन दुकानाच्या कोपऱ्यात ठेवला.

"बुलावा आ गया और मुँह लटकाके घूम रहे हो?" ओमप्रकाश म्हणाला. "मिठाई खिलाओ, मास्टरजी."

"खिलाऊंगा," असं म्हणून कृष्णकांतने दुपट्टा डोक्याला आणि तोंडाला गुंडाळला, मागे गाठ मारली आणि रिक्षा केली. मे महिन्यात निम्मं नागपूर असंच फिरतं. डोळे तेवढे उघडे. बापलेक रस्त्यात समोरासमोर आले तरी एकमेकांना ओळखणार नाहीत.

घाटावर तो टिनाच्या शेडच्या मागच्या खांबाला टेकून उभा राहिला. तिरडी आली. मंडळी पुष्कळ होती आणि बहुतेकांची तोंडं दुपट्ट्यात. आईचा चेहरा त्याला दिसलाच नाही. लाकडांच्या पलीकडे तिचे तळवे तेवढे दिसले, ते त्याला वाटलं होतं त्यापेक्षा खूप लहान होते. मधुसूदनने मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या आणि अग्नी दिला. फेऱ्या मारताना तो एकदा अडखळला, तेव्हा कृष्णकांतचा हात त्याला सावरायला नकळत उचलला गेला आणि खाली आला.

आग धरली, तशी शोकसभा सुरू झाली. पुण्या-मुंबईकडे लोक घाटावरून गुपचूप घरी जातात म्हणे. इकडे मात्र चितेसमोर दोन भाषणं झाल्याशिवाय माणूस पुरता गेला असं कोणी धरत नाही. कृष्णकांतच्या शाळेचे मुख्याध्यापक चंपतराव पुढे झाले. निरोपसमारंभातही तेच बोलले होते.

"मातोश्री यमुताईंनी कष्टाने दोन मुलं वाढवली," ते म्हणाले. "पण दैव कसं पाहा. त्यांचा थोरला मुलगा, आमचा कृष्णकांत, आज सातासमुद्रापलीकडे ज्ञानदान करतो आहे. या क्षणी तो तिथे वर्गात उभा असेल. हातात खडू असेल. आणि इथे आपली आई गेली, याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसेल."

खांबाजवळ उभ्या कृष्णकांतला तो वर्ग क्षणभर खरंच दिसला. लांबलचक फळा, समोर मान वर करून बसलेली मुलं, आणि काही ठाऊक नसलेला तो मास्तर. त्याला त्या माणसाची फार दया आली.

"तर कृष्णकांतच्या वतीने," चंपतराव म्हणाले, "आपल्यापैकी कोणीतरी पुढे येऊन एक गोवरी वाहावी, अशी माझी विनंती आहे."

कृष्णकांत खांब सोडून दोन पावलं पुढे आला. चितेपुढे उघड्या डोक्याने जायचं असतं. पुढची माणसं दुपट्टे सोडून खांद्यावर टाकत होती. त्याचा हात मागच्या गाठीवर गेला. गाठ साधीच होती, एका बोटाने सुटली असती. हात तिथेच राहिला. घराशेजारचे म्हातारे नत्थूजी त्याच्या बाजूने वाट काढत पुढे गेले, टोपी काखेत धरून त्यांनी गोवरी उचलली आणि आगीत टाकली.

"घे वं माय," ते मोठ्याने म्हणाले, "हे तुह्या थोरल्या पोराकडून."

बायका इथे नव्हत्या म्हणून, नाहीतर मोठ्याने रडणं झालं असतं. पुरुषांनी नाकं शिंकरली. मग दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले, आणि कृष्णकांतही खाली मान घालून, आपल्याच घरच्या दुःखात सहभागी होऊन उभा राहिला.

घाटाला फाटक एकच. तिथे मधुसूदन ओल्या पंचानिशी हात जोडून उभा होता आणि मंडळी एकेक करून त्याला नमस्कार करून बाहेर पडत होती. त्याचं नुकतंच भादरलेलं डोकं उन्हात पांढरं दिसत होतं. कृष्णकांत गर्दीच्या मधोमध शिरला. जवळ आल्यावर त्याने हात जोडले आणि नजर जमिनीवर ठेवली.

मधुसूदनचे जोडलेले हात तसेच राहिले. त्याने दुपट्ट्याच्या फटीतल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग मागून चंपतराव येत होते त्यांच्याकडे पाहिलं.

"दादा," तो अगदी हळू म्हणाला, "तिकडे ऊन असंच राहते काय?"

कृष्णकांतने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"बरं," मधुसूदन म्हणाला, आणि मागून आलेल्या चंपतरावांकडे वळून त्याने हात जोडले.