जर्मनीतली खरड छाटणी

होटगीच्या अलीकडं आमची द्राक्षबाग हाय. आमच्या मालकांना गाव शंकरप्पा म्हणतं, आणि द्राक्षाच्या बाबतीत त्यांच्यापुढं कुणी बोलायचं न्हाय. घरातबी न्हाय. मी बोलते, ती गोष्ट वेगळी.

शिवू, आमचा एकुलता, मार्चात जर्मनीला गेला. ऑक्टोबरच्या छाटणीला परत येतो म्हणाला. जाले-उन्स्ट्रुट म्हणून तितं दोन नद्यांच्या काठी द्राक्षं पिकतात. उत्तरेकडची थंड जागा, उतारावर दगडी बांध घातलेल्या इवल्याशा बागा. हेल्गाबाई म्हणून एका म्हातारीनं त्याला कामाला ठेवला. त्या द्राक्षाची दारू होते. आमी लिंगायत, घरात थेंब न्हाय. म्हणून मालक गावभर सांगत सुटले की तितं बेदाणा करतात.

एप्रिल लागला. शिवूनं फोनवर बाग दाखवली. एकेका झाडाला एक लांब काडी राखून तारेला वाकवून बांधलेली. मालक भडकलेच.

"एप्रिल हाय न्हवं? खरड छाटणी कुटंय? सगळ्या काड्या एका डोळ्यावर आण."

"आप्पा, हितं तसं..."

"मला शिकवतोस व्हय?"

आमच्याकडं एप्रिलात काडीवर एकच डोळा, म्हंजे कोंब फुटायची जागा, ठेवून सगळं खरडून काढायचं, ऑक्टोबरात पुन्हा छाटायचं, तवा घड लागतात. शिवूनं बापाचं ऐकलं. हेल्गाबाई परगावी गेली होती, तेवढ्यात घरामागच्या ओळी छाटून मोकळा झाला. तितं वर्षाला एकच छाटणी, तीबी थंडीत, आणि त्या राखलेल्या काडीवरच वर्षाचं पीक. ते गेलं. बाईनं विचारलं तर म्हणाला, माझीच चूक. बाई म्हणाली, महिनाअखेर घरी जा.

हे त्यानं मला सांगितलं, बापाला न्हाय. खरं सांगू? मला बरं वाटलं. पोरगा घरी येणार होता. पण त्याचा चेहरा बघवंना. लई जीव लागला होता त्याचा त्या कामात. शेवटी भाकरी वाढता वाढता मी मालकांना सगळं सांगून टाकलं.

मालक जेवले न्हाईत. म्हणाले, "त्या बाईला फोन लाव."

मी व्हिडिओ फोन लावला. शिवू बाईशेजारी बसून आमचं बोलणं तिच्या भाषेत आणि तिचं आमच्या भाषेत सांगत होता. मालक म्हणाले, "बाई, छाटायला मी सांगितलं. पोरगं माझ्या शब्दाबाहेर न्हाय. त्याला काढू नका."

शिवू हे बाईला सांगंना. "सांग की," मी म्हटलं. तवा सांगितलं त्यानं.

बाईनं मालकांकडं नीट बघितलं. विचारलं, "तुमच्याकडं दोनदा छाटता, मग झाड झोपतं कधी?"

मालक म्हणाले, "आमच्याकडं झोपत न्हाय, बाई. थंडीच न्हाय तेवढी."

बाई हसली. म्हणाली, झाडं मेली न्हाईत, पुढच्या वर्षी घड येतील. ज्यानं छाटली त्यानंच ती सांभाळायची, तोवर त्यानं हितंच राहायचं.

"राहू दे," मालक म्हणाले. मला कुणी विचारलं न्हाय.

आता ऑक्टोबर लागला. मालक दुखरा गुडघा घेऊन एकटेच ओळीतनं छाटत जातात, मी मागनं काड्या गोळा करते. गावात कुणी विचारलं, शिवू कधी येणार, की म्हणतात, "त्याची बाग अजून सुधरायची हाय." मी काड्यांची मोळी बांधते. बाईनं हाकलला असता तर आज ह्या ओळीत तो असता, आणि तो फोन मीच लावून दिला होता.