साखराबाईचा सख्खा भाऊ

आमच्या घाटनांदूरच्या साखराबाईला ऐन निवडणुकीत एक भाऊ झाला. बाई मेंढरं राखणारी, नवरा वारलेला, माहेरी पाठचं-पुढचं कुणी नाही. बद्रीनाथ अण्णा मतं मागायला आले, तिच्याकडून राखी बांधून घेतली आणि माईकवर म्हणाले, "आजपासून ही माझी सख्खी बहीण. हिची रोहिणी माझी भाची!" नुसत्या बहिणीवर भागत नव्हतं, सख्खीच पाहिजे. टाळ्या मीही वाजवल्या, फुकटच्या होत्या.

अण्णा निवडून आले. माईकवरचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, हे आमच्याकडं शेळ्या-मेंढरांनाही ठाऊक आहे. साखराबाईनं मात्र भाऊ म्हणजे भाऊच धरला.

रोहिणीचं लग्न ठरलं. नवरीला मांडवात मामानं आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आमची रीत. म्हणून देवाला पत्रिका ठेवून साखराबाई मला घेऊन परळीला अण्णांच्या बंगल्यावर गेली. अण्णांनी पत्रिका कपाळाला लावली. "येतो की ताई! मामा हाय मी."

बाहेर त्यांचा माणूस हळूच म्हणाला, "मावशी, ही बोलायची पद्धत असती. अण्णाला अशा लई बहिणी हायत."

"असू द्या की," साखराबाई म्हणाली. "आमी बहिणी बहिणी बघून घेऊ. भाऊ तर एकच हाय न्हवं?"

लग्नाच्या दिवशी भटजींनी दोनदा पुकारलं, "मामा, मुलीला घेऊन या." साखराबाई रस्त्याकडं डोळे लावून उभी. वऱ्हाडी कुजबुजायला लागले. मी फोन लावला, तर अण्णा दिंद्रुडला कुणाच्या तरी दुकानाची फीत कापत होते. शेवटी मांडववाल्या अंगदला फेटा बांधून मामा केला. बिचारा पक्कड खिशात कोंबून पोरीच्या मागं उभा राहिला. रोहिणीनं मान वर केली नाही. मला इतका राग आला की जेवण गेलं नाही.

पोरीची पाठवणी झाली आणि दुसऱ्या दिवशी साखराबाई अनवाणी परळीला गेली. मी मागोमाग. बंगल्याच्या फाटकापासूनच तिनं छाती पिटायला सुरुवात केली, "माझा भाऊ गेला गं बाई! माझा सख्खा भाऊ गेला!" गल्लीतल्या बाया धावत आल्या आणि काही न विचारता तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. एकीनं तर पाहुण्यांना फोनसुद्धा लावला.

अण्णा पोह्यांचा घास तोंडात घेऊनच बाहेर आले. "ताई, हे काय मांडलंय? मी जित्ता हाय की!"

साखराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि त्यांना खालीवर बघितलं.

"तुमच्या नावानं कोण रडतंय, साहेब? तुमी शंभर वर्सं जगा. मेला तो माझा भाऊ."