सक्शन मशीनचं सुतक

कोपरच्या केळुसकर नर्सिंग होममधल्या सक्शन मशीनने डॉक्टर केळुसकर गेल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. ऑपरेशन चालू असताना रक्त ओढून घेणारं हे यंत्र. ते नसेल तर सर्जन सुरी हातात धरत नाही. बाहेरून येणाऱ्या सर्जनबाईंनी शेवटचं सांगून टाकलं होतं, "सोमवारपर्यंत चालू झालं नाही, तर माझे पेशंट मी ठाण्याला नेणार." पेशंट गेले की दाराला कुलूप, हे डॉक्टरांच्या मुलीला, रसिकाला, वेगळं सांगायला नको होतं.

मेकॅनिक येऊन गेले. एकाने मोटर बदलली, दुसऱ्याने ती काढून जुनीच बसवली. दोघांनी मान मात्र सारखीच हलवली.

"त्याला सुतक लागलंय," मंदाकिनी सिस्टर म्हणाल्या. त्या डॉक्टरांच्या हाताखालीच म्हाताऱ्या झाल्या होत्या. "सरांचा फोटो लावला, त्याच दिवशी बंद पडलं."

"मावशी, सुतक कधीच फिटलं."

"माणसांचं फिटतं गं. मशीनला कोण सांगणार?"

शनिवारी वीज तपासायला सरकारी निरीक्षक सहदेव भोपी आले. मशीन चालतं का, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "याचा खटका कुठाय?"

"मेन स्विच खाली जिन्याजवळ आहे," रसिका म्हणाली.

"तो नाही, मॅडम. या मशीनला दोन घरची वीज. एक बाहेरची, एक जनरेटरची. दुरुस्तीवाला मेन बंद करून बिनधास्त हात घालतो, आणि तेवढ्यात जनरेटर आपणहून सुरू होतो. मग दुरुस्तीवाल्यालाच हार घालायची वेळ येते. म्हणून दोन्ही एकदम तोडणारा खटका मशीनजवळ हवा. समोर, दिसेल असा."

सिस्टर खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मावशी?"

"आहे. सरांच्या मागे आहे."

ऑपरेशन थिएटरच्या दाराशेजारी, चंदनाचा हार घातलेला डॉक्टरांचा भलामोठा फोटो होता.

"मग डॉक्टरांना जरा उतरवा," भोपी म्हणाले.

"वर्षश्राद्धाच्या आत फोटो हलवत नाहीत."

"हे कुठल्या शास्त्रात?"

"आमच्या."

"आमच्या शास्त्रात खटक्यासमोर चपलांचा स्टँडसुद्धा चालत नाही, सिस्टर."

दोघं रसिकाकडे बघू लागले. इतके दिवस ती या बोळातून खाली बघत जात होती. कुठली फरशी तडकलीय हे तिला पाठ होतं. बाबांचा कुठला फोटो लावलाय हे ठाऊक नव्हतं. तिने मान वर केली. आंबा खातानाचा होता. सिस्टरांनी आंबा कापून चेहरा तेवढा मोठा करून घेतला होता, पण गालावरचा रस राहून गेला होता.

तिने दोन्ही हातांनी फोटो उतरवला. मागे लोखंडी डबा, त्याला टोकाशी गोळा असलेला दांडा, आणि त्या दांड्यालाच फोटोची दोरी अडकवलेली. डब्यावर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: "मंदाकिनी, आधी हा खाली. मेन बंद केलास तरी जनरेटर तुझं ऐकणार नाही."

भोपींनी वाचली. मग दांड्याकडे बघितलं. "हा तर खालीच आहे. मेकॅनिक मोटर बघतात, वीज येते का कोण बघतो? मशीन बंदच ठेवलंय तुम्ही."

"कोणी?" सिस्टर उसळल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "फोटोला शिसवी चौकट आहे ना, जड. खिळ्यासाठी ड्रिल लागलं असतं, पेशंट झोपलेले. दांडा आयताच होता. अडकवताना खट् वाजलं. मला वाटलं, पक्का बसला."

रसिका हसायला लागली. फोटो छातीशी धरून ती हसत राहिली, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

भोपींनी आत डोकावून मशीनला कोणी हात लावलेला नाही ना ते पाहिलं आणि दांडा वर केला. मशीन घुरघुरलं. सिस्टरांनी मशीनला नमस्कार केला.

रसिकाने तिथूनच सर्जनबाईंना फोन लावला. "सोमवारी या. चालू झालं."

"काय बिघडलं होतं गं?"

"काही नाही. बाबा मध्ये आले होते."

सर्जनबाईंनी डॉक्टरांबरोबर बरीच वर्षं काढली होती. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.