पलीकडचं उत्तर

लिबुशेने प्लगला हात घातला, तसा राडेक म्हणाला, "काकू, थांबा. हातातलं एवढं पुरं होऊ दे."

राडेक शेजारच्या गावचा, तिच्या नवऱ्याचा, बोहुमिलचा, जोडीदार. दोघांचे कॉम्प्युटर रात्रंदिवस दूरच्या शास्त्रज्ञांची गणितं फुकट सोडवत. लहान मुलांच्या कर्करोगावर औषध सापडावं म्हणून. बोहुमिल पानगळीत गेला, पण मागच्या खोलीतलं त्याचं यंत्र घुमतच राहिलं. त्या आवाजाने लिबुशेला घर खायला उठे. आज ते बंद करून राडेकच्या गळ्यात घालायचं, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

राडेकनेही तक्रार सांगितली. हिवाळा लागल्यापासून या यंत्राची उत्तरं चुकत होती. म्हातारा गेला आणि यंत्राने हाय खाल्ली, अशी चेष्टा ही गणितं सोडवणाऱ्यांच्या गटात चालली होती. बोलता बोलता तो टेबलाखाली वाकला आणि त्याने एक लोकरी शाल ओढून काढली.

"काकू, याला पांघरूण घातलंत?"

"खोली गार पडते," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

राडेक हसला नाही. यंत्र तापलं की चुकतं, एवढंच बोलून त्याने शालीची घडी घातली. मग समजावून सांगितलं, की प्रत्येक गणित दोन घरी जातं. दोघांची उत्तरं जुळली तरच ती खरी धरतात. आपण मध्येच सोडलं, तर पलीकडचं उत्तर ताटकळत राहतं.

"पलीकडे कोण असतं?"

"कुणालाच ठाऊक नसतं. बोहुमिलकाका म्हणायचे, बायकोपेक्षा बरं. भांडत नाही आणि उत्तर जुळतं."

"मेल्याचं माझ्याशी एकदा जुळलं नाही," लिबुशे म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू फुटलं.

तिने त्याच्यापुढे लसणाचं सूप ठेवलं. खिडकी उघडून यंत्राला गार वारा दिला. वाडगा रिकामा होता होता उत्तर गेलं, आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर निरोप आला. जुळलं होतं.

राडेकने कोट चढवला आणि वायर काढायला हात पुढे केला. तोवर यंत्राने पुढचं गणित घेतलं होतं.

"हेही कुणाकडे गेलं असेल?"

"गेलंच असेल."

लिबुशेने खुर्ची ओढली आणि स्क्रीनसमोर बसली.

"कोट काढ," ती म्हणाली. "अडकलं तर कुठे दाबायचं, तेवढं दाखवून जा."