आतल्या बाजूची मूठ

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. तुमच्या घरच्या दारासारखेच, फक्त अंगाने जरा जाड. मुलींच्या सुधारगृहात, जिथे त्यांच्या खोल्यांकडचा बोळ संपतो आणि भेटीची खोली सुरू होते, तिथे मी उभे आहे. हे सुधारगृह सरकारच्या एका खात्याचे. ज्या मुलींच्या हातून काही चुकीचे घडले, त्यांना हे खाते इथे ठेवते, शिकवते आणि मग घरी धाडते.

मला घडवणारा सुतार रंधा मारता मारता थांबला होता आणि नकाशा उलटासुलटा करून बघत होता. "मूठ एकाच बाजूला? विसरले वाटतं," तो म्हणाला. कुणी विसरले नव्हते. भेटीच्या खोलीच्या बाजूला मला मूठ होती, कडी होती, कुलूपही होते. मुलींच्या बाजूला मात्र नुसती गुळगुळीत फळी. तिकडून मी कसे दिसत असेन, याचे मला फार कुतूहल वाटे. भिंतीसारखे दिसत असणार, असे आता वाटते.

मी जात्याच भोचक. दोन्हीकडचे ऐकू येते म्हटल्यावर आणखी काय होणार? मुली माझ्यासमोर येत, हात पाठीमागे बांधत आणि उभ्या राहत. तसा इथला शिरस्ताच होता. मग पलीकडून मावशी किल्ल्यांचा जुडगा वाजवत येत आणि मला उघडत. मावशी इथल्या पहारेकरीण. तोंडाने तिखट, पण माझ्या बिजागऱ्यांना तेल घालायला कधी विसरत नसत. "या दाराइतकं माझं ऐकणारं इथे कुणी नाही," असे त्या म्हणाल्या की माझी छाती फुगे. पावसाळ्यात तर मी खरोखरच फुगे आणि चौकटीत अडकून त्यांचीच बोलणी खाई.

पुढे खात्याचा विचार बदलला. मुलींना उद्या घरी राहायचे आहे, तर दिवसा कुलपे कशाला, असे वरून ठरले. नवा सुतार आला, त्याने मला भोक पाडले आणि मुलींच्या बाजूलाही पितळी मूठ बसवली. कडी आणि कुलूप काढून नेले. पहिला हात कुणाचा लागतो, हे पाहायला मी अगदी टपून बसले. कुणाचाच लागला नाही. मुली येत, हात पाठीमागे बांधत आणि उभ्या राहत. मावशीही सवयीने धावत येऊन मला उघडत. मूठ समोर दिसत असताना मुली अशा का वागतात, हे कोडे मला काही केल्या सुटेना.

एके दिवशी शिट्टीची आई आली. शिट्टी म्हणजे येताजाता शिट्टी वाजवणारी आमची एक मुलगी. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती आणि तिच्या हातांना साबणाचा वास येत होता. आजची भेट नीट झाली, तर शिट्टीला घरी पाठवा असे मी खात्याला कळवीन, असे सुधारगृह चालवणाऱ्या अधीक्षकबाईंनी तिला सांगितले. मावशी तापाने रजेवर होत्या.

"निरोप दिलाय. येईल ती आपणहून," अधीक्षकबाई म्हणाल्या.

शिट्टी आलीच होती. धावत आली होती. माझ्यासमोर थांबली, हात पाठीमागे बांधले आणि उभी राहिली. आज ती शिट्टीही वाजवत नव्हती. तिचा धापा टाकणारा श्वास माझ्या फळीला लागत होता. पलीकडे आई खुर्चीच्या कडेवर टेकून माझ्याकडे बघत होती, आणि मधे मी.

बराच वेळ गेला. "रागावली असेल," आई म्हणाली. "मागच्या वेळी कामामुळे आले नाही ना मी."

"तिला भेटायचंच नसेल, तर जबरदस्ती नको. घरी पाठवायचंही मग लांबवावं लागेल," अधीक्षकबाई म्हणाल्या.

माझा जीव कासावीस झाला. निदान कुरकुरावे, तर मावशींनी नेमके रजेवर जायच्या आधी तेल घातलेले. आई उठली. जाता जाता माझ्यापाशी आली, फळीवर हात टेकला आणि स्वतःशीच पुटपुटली, "येते गं मी."

"आई?"

"अगं, तू इथेच आहेस?"

"केव्हाची. कुणी उघडतच नाहीये."

"कुलूप नाहीये गं याला."

"माहितीये. पण आपण नाही ना उघडायचं."

माझे कोडे सुटले, पण त्याचा आनंद झाला नाही. अधीक्षकबाई खाली बघू लागल्या. आईने आपल्या बाजूची मूठ धरली, जरा फिरवली, आणि का कोण जाणे, सोडून दिली.

"घरी मी सकाळीच कामावर जाते. तिथे कोण उघडून देणार तुला? तूच ये. मी कुठे जात नाहीये."

पाठीमागचा एक हात सुटला. तो गार होता, घामाने ओला होता. आधी मूठ भलतीकडेच फिरली. मग नीट फिरली. त्या बाजूने मला आजवर कुणी ढकलले नव्हते. मी असे काही उघडले की आई थोडक्यात वाचली.

"हळू, नाक फोडशील माझं," आई म्हणाली आणि हसता हसता रडू लागली.

शिट्टी घरी गेली. आता मुली माझ्यासमोर थांबल्या, की मावशी आपलेच हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात. ते त्यांना फार जड जाते.

मित्रांनो, दारांना तेल घाला, पावसाळ्याआधी रंग द्या. आणि पलीकडून कुणी येत नसेल, तर रुसले असेल असे ठरवण्याआधी एक हाक मारून बघा. माझी ती पितळी मूठ आता चकचकीत झाली आहे. तिला पुसायला कुणी लागत नाही.